डोळ्यातला शोषखड्डा : अहमद व्हॉल्व्ह आणि मदुराईची आडी

काचबिंदूपायी माझ्या उजव्या डोळ्यात अहमद व्हॉल्व्ह बसवून साडेचार वर्षे झाली आणि डाव्या डोळ्यात मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेली आडी बसवून अडीच. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत दोन निरनिराळ्या जातींची निचरा-यंत्रे असणे तसे विरळाच, आणि त्यातून तो माणूस चौतीस वर्षे पी.एच.ई. म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यात पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यातच वावरलेला असेल, तर त्याने या दोन वस्तूंविषयी चार शब्द लिहिणे गैर ठरू नये. इंदूरला आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींतून ‘काचबिंदूसाठी ट्यूब बसवायला सांगितली आहे, तुम्ही बसवली होती ना?’ असा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. प्रत्येकाला तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, असे सौ.चे म्हणणे पडले. मी डॉक्टर नाही. कोणाच्या डोळ्यात काय बसवावे हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. वस्तू कशी आहे, बसवल्यावर कशी वागते आणि ती घेताना काय विचारून ठेवावे, एवढ्यापुरतेच हे लिखाण आहे.

आधी निचऱ्याचा हिशेब. डोळ्याच्या पुढच्या भागात एक नितळ द्रव सतत तयार होत असतो. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात, हा द्रव आत असतो, आणि म्हणूनच ‘ट्यूब बसवली म्हणजे डोळ्यातून सारखे पाणी गळत राहील का?’ या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मिनिटाला दोन ते अडीच मायक्रोलिटर या दराने दिवसाकाठी सुमारे ३ मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचा अर्ध्याहून थोडा अधिक भरेल, इतकाच हा द्रव. नर्मदेचे पाणी जलूदहून विंध्याचा घाट चढवून इंदूरला आणणाऱ्या पंपांवर ज्याने उमेदीची वर्षे काढली, त्याला हा आकडा ऐकून प्रथम हसूच आले होते. पण नियम दोन्हीकडे एकच आहे. जितके आत येते तितके बाहेर गेले पाहिजे. नाही गेले तर दाब वाढतो, आणि डोळ्याच्या बाबतीत तो दाब मागच्या नसेला हळूहळू मारत जातो. पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर हा दाब सर्वसाधारणपणे ठीक समजतात. मात्र ज्याची नस आधीच खराब झाली आहे त्याला २१ सुद्धा जास्त होतो, ही गोष्ट मला फार उशिरा समजली.

माझा काचबिंदू चष्म्याचा नंबर बदलायला गेलो तेव्हा अचानक सापडला. दुखत काहीच नव्हते. पुढे थेंब एकाचे दोन, दोनाचे चार झाले. दोन्ही डोळ्यांची ट्रॅबेक्युलेक्टमी झाली, म्हणजे डोळ्याच्याच पांढऱ्या पटलात झडप कापून निचऱ्याला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया. काही वर्षे ती वाट चालली. मग शरीराने जखम भरून काढण्याचे आपले काम चोख बजावले आणि दोन्हीकडच्या वाटा वणाने बुजल्या. उजवी आधी बुजली, आणि चार प्रकारचे थेंब व डायमॉक्सच्या गोळ्या चालू असतानाही त्या डोळ्यातला दाब ३८ वर जाऊन बसला, तेव्हा डॉक्टरबाईंनी व्हॉल्व्हचे नाव काढले.

मी तो आधी हातात घेऊन पाहण्याचा हट्ट धरला. बाईंच्या टेबलाच्या खणात मुदत संपलेला एक नमुना होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘काका, बघा, पण दाबू नका.’’ एफपी-७ हे त्या नगाचे मॉडेल. सिलिकॉनची एक मऊ, किंचित बाकदार पट्टी, १६ मिलिमीटर लांब आणि १३ रुंद, आकाराने चिंचोक्यासारखी. तिच्या कडेतून निघालेली दुधी, पारदर्शक नळी. नळीचे बाहेरचे माप ०.६३५ मिलिमीटर आणि आतले ०.३०५. इतक्या बारीक नळीला मी जन्मात कधी पाइप म्हटले नसते. पट्टीच्या पोटात एक लहानशी डबी, आणि तिच्यात सिलिकॉनचेच दोन पातळ पडदे एकमेकांवर ताणून बसवलेले. आतला दाब साधारण ८ ते १२ च्या वर गेला की पडदे फाकतात, खाली आला की मिटतात. कॅलिफोर्नियातल्या न्यू वर्ल्ड मेडिकल या कंपनीची ही वस्तू. तिचा कर्ता मतीन अहमद, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता १९९३ ची. डबीचा आकार मुद्दाम निमुळता ठेवला आहे आणि त्यामुळे व्हेंच्युरीचा परिणाम, म्हणजे अरुंद वाटेत प्रवाहाचा वेग वाढणे, मिळून द्रव सुलभ निघतो, असे कंपनी सांगते. मिनिटाला अडीच मायक्रोलिटरच्या प्रवाहात व्हेंच्युरीचा असा किती प्रभाव पडणार, याविषयी माझ्या खात्यातल्या मनाला शंका आहे. पण पडदे उघडतात आणि मिटतात, हे खरे.

डोळ्यात परकी वस्तू घालून निचरा करण्याची कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्याचा केस आणि पुढे रेशमाचा धागा घालूनही लोकांनी प्रयत्न केले होते, आणि ते सगळे एकाच कारणाने फसले. द्रव जिथे बाहेर पडे तिथेच, बुबुळाच्या कडेशी, वण धरून तोंड बंद होई. ही अडचण दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या अँथनी मोल्टेनो यांनी सोडवली. १९६९ साली त्यांनी नळीच्या दुसऱ्या टोकाला पट्टी जोडली, आणि पुढे ती पट्टी बुबुळापासून दूर, पापणीखाली मागे नेऊन बसवण्याची पद्धत रूढ झाली. वण धरायचाच आहे ना, मग पट्टीभोवती धरू दे, आत पोकळी राहील आणि द्रव त्या पोकळीच्या भिंतीतून झिरपत राहील, असा तो विचार. आज बाजारात असलेली सगळी पट्टीवाली यंत्रे त्याच विचाराची लेकरे आहेत.

हे कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, कारण ही रचना मला पूर्ण ओळखीची होती. हा शोषखड्डा आहे. नळी आहे, नळीच्या टोकाला खड्डा आहे, आणि पाणी खड्ड्याच्या भिंतीतून जमिनीत मुरते. माळव्याच्या काळ्या मातीत शोषखड्डे खणून पाहिलेल्या माणसाला कोणी सांगायला नको की, पाइप कितीही उत्तम कंपनीचा असो, खड्डा किती मोठा आहे आणि त्याच्या भिंती किती मुरवून घेतात यावरच सगळे अवलंबून असते. काळी माती फुगली की वरचा पाइप रिकामा असूनही मोरी तुंबते. या दोन यंत्रांविषयी माझे जे काही मत आहे ते या एका गोष्टीतून निघाले आहे. दुकानदारीत चर्चा होते ती व्हॉल्व्हची, आणि काम करतो तो खड्डा.

शस्त्रक्रियेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण ती डॉक्टरची कला आहे, वस्तूचा गुण नव्हे. डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन भूल देतात, माणूस जागा असतो. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, बुबुळाच्या कडेपासून ८ ते १० मिलिमीटर मागे पट्टी टाक्यांनी पक्की करतात. नळी तिरपी कापून, सुईने केलेल्या बारीक भोकातून तिचे टोक पुढच्या कप्प्यात सोडतात. एक पायरी मात्र वस्तूशीच जोडलेली आहे. अहमद व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी नळीच्या तोंडातून खारट द्रावणाची पिचकारी मारून ते पट्टीवर बाहेर येते का हे पाहावेच लागते, कारण पडदे एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते एकदा सुटे केले नाहीत तर यंत्र बंदचे बंदच राहते. याला ‘प्राइम करणे’ म्हणतात. आमच्या पंपघरातही सेंट्रिफ्युगल पंप चालू करण्याआधी हाच शब्द आणि हीच खबरदारी. टेबलावर आडवे पडल्या पडल्या मी विचारले, ‘‘प्राइम केला का?’’ हिरव्या कापडापलीकडून बाईंचे हसू ऐकू आले. ‘‘केला काका, दोनदा केला. आता बोलू नका.’’

आणि एक पायरी अशी की जिच्याविषयी मला आधी कोणी काहीच सांगितले नव्हते. नळी नुसती पातळ पडद्याखाली ठेवली तर वर्षा-दोन वर्षांत घासून घासून उघडी पडते, आणि उघडी नळी म्हणजे जंतूंना थेट आत जाण्याचा रस्ता. म्हणून तिच्यावर एक ठिगळ शिवतात, आणि ते ठिगळ बहुतेक वेळा नेत्रदानातून आलेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचे असते. नेत्रदान म्हटले की आपण बुबुळाच्या पलीकडे विचार करीत नाही. पण कोणा अनोळखी माणसाच्या डोळ्याचा नखाएवढा पांढरा तुकडा गेली साडेचार वर्षे माझी नळी झाकून आहे.

आता वागणुकीकडे. उजव्या डोळ्यातल्या अहमद व्हॉल्व्हने दुसऱ्याच दिवशी दाब ३८ वरून ९ वर आणला. घरात पेढे वाटण्याची तयारी झाली. अहमद व्हॉल्व्हचे खरे मोल इथे आहे. ज्या डोळ्यात दाब धोक्याच्या वर आहे आणि थांबायला वेळ नाही, त्याला तो पहिल्या रात्रीपासून आराम देतो, आणि पडदे असल्यामुळे दाब एकदम शून्याजवळ कोसळण्याची भीतीही पुष्कळ कमी होते. पण सहाव्या आठवड्यात माझा दाब २६ झाला. मला वाटले व्हॉल्व्ह बिघडला, कंपनीने फसवले. बाईंनी शांतपणे सांगितले की हा टप्पा बहुतेक अहमदवाल्यांना येतो. पट्टीभोवती जे कोवळे आवरण तयार होत असते ते या काळात जाड आणि सुजट असते, त्यातून झिरप कमी होते, म्हणून पहिल्या ते तिसऱ्या महिन्याच्या दरम्यान दाब वर चढतो आणि मग आवरण निवत जाते तसा उतरतो. थेंब पुन्हा सुरू झाले. चौथ्या महिन्यात १६ वर येऊन तो थांबला, आणि आजही दोन थेंबांवर १५-१६ च्या आसपास आहे. पडदे तर तेव्हाही उघडेच होते. तुंबली होती ती खड्ड्याची भिंत. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर या वस्तूची परीक्षा करू नये. चौथा महिना येऊ द्यावा.

डाव्या डोळ्याची गोष्ट वेगळी होती. तिथे दाब २४ म्हणजे फार नव्हता, पण नस इतकी खराब झाली होती की नजरेचा आवाका मोजणाऱ्या फील्ड तपासणीच्या कागदावर अर्ध्याहून अधिक भाग काळा येई, आणि बाईंना तिथे १२ किंवा त्याहून खाली दाब हवा होता. उजव्या डोळ्याचा १६ त्या डोळ्याला पुरला नसता. म्हणून त्यांनी आडी सुचवली. तामिळनाडूत मदुराईला अरविंद नेत्ररुग्णालय आहे. त्याच परिवारातली ऑरोलॅब ही संस्था डोळ्याच्या आतली भिंगे स्वस्तात बनवण्यासाठी १९९२ मध्ये निघाली, आणि तिनेच पुढे हे निचरा-यंत्र काढले. ‘ऑरोलॅब अ‍ॅक्वियस ड्रेनेज इम्प्लांट’ या त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून सगळे त्याला आडी म्हणतात. रचना बेअरवेल्ड्ट नावाच्या परदेशी यंत्राच्या धर्तीवर, आणि पट्टीचे क्षेत्रफळ तेवढेच, ३५० चौरस मिलिमीटर. अहमदच्या एफपी-७ चे १८४. म्हणजे खड्डा जवळजवळ दुप्पट. पट्टीला दोन्ही बाजूंनी पंख असतात आणि ते डोळा फिरवणाऱ्या दोन स्नायूंच्या खाली सरकवून बसवावे लागतात, त्यामुळे शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागतो.

आडीला व्हॉल्व्ह नाही. नुसती उघडी नळी. तशीच सोडली तर पहिल्या दिवशी, पट्टीभोवती आवरण तयार होण्याआधीच, सगळा द्रव निघून जाऊन डोळा चेपेल; म्हणून नळी विरघळणाऱ्या धाग्याने करकचून बांधतात आणि तो धागा पाच-सहा आठवड्यांनी आपोआप विरघळेपर्यंत निचरा जवळजवळ बंद असतो. धाग्याच्या अलीकडे नळीला सुईने एक-दोन चिरा देतात, तेवढाच थोडा पाझर. आधी खड्डा बांधून त्याच्या भिंती धरू द्यायच्या आणि मगच पाणी सोडायचे, हा क्रम मला अभियंता म्हणून अहमदच्या क्रमापेक्षा अधिक पटतो. पण रुग्ण म्हणून ते सहा आठवडे फार वाईट गेले. दाब वरच राहतो, थेंब सगळे चालू, वर डायमॉक्स. त्या गोळीने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात हे सर्वांना माहीत असते. सोड्याची चव जाते हे मला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जिरा-सोडा पिताना कळले. बुडबुडे दिसत होते आणि चव साध्या पाण्याची लागत होती. मी दुकानदाराशी हुज्जत घातली. घरी येऊन विचारल्यावर कळले की दोष गोळीचा.

धागा सुटतो तो दिवस पंचांगात लिहिलेला नसतो. बाईंनी बजावले होते की पाचव्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत गाव सोडू नका. नेमक्या त्याच दिवसांत भाच्याचे लग्न देवासला होते. देवास म्हणजे काय, तासाभराचा रस्ता, असे म्हणून मी गेलो, आणि सीमांतपूजनाच्या वेळी डाव्या डोळ्यासमोर धुके आले. दुखत नव्हते, पण कडेला काळसर पडदा ओढल्यासारखे दिसू लागले. अक्षता न टाकताच आम्ही परतलो. दाब ५ निघाला. दोरी सुटून दाब एकदम उतरल्यामुळे डोळ्याच्या मागच्या थराखाली पाणी साचले होते. मोठ्या पट्टीच्या, बिनव्हॉल्व्हच्या यंत्रांत ही गोष्ट घडू शकते हे मला आधी सांगितलेले होते, मीच ते मनावर घेतले नव्हते. अॅट्रोपिन आणि स्टेरॉइडचे थेंब, वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, अशा बंधनांत तीन आठवडे काढल्यावर ते ओसरले. बहीण अजून बोलून दाखवते. पण त्यानंतर दाब जो ११ वर स्थिरावला तो आजवर तसाच आहे, आणि त्या डोळ्यात आता एकच थेंब घालावा लागतो.

माझ्या दोन डोळ्यांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढू नये, म्हणून मोठ्या चाचण्यांचे आकडेही सांगतो. अहमद आणि बेअरवेल्ड्ट यांची थेट तुलना करणाऱ्या दोन चाचण्या झाल्या, आणि दोहोंतल्या मिळून ५१४ रुग्णांची पाच वर्षांची एकत्रित माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अहमदवाल्यांचा सरासरी दाब १५.८ राहिला आणि बेअरवेल्ड्टवाल्यांचा १३.२, पाच वर्षांत यंत्र अपयशी ठरण्याचे प्रमाण अहमदमध्ये ४९ टक्के तर बेअरवेल्ड्टमध्ये ३७ टक्के. मात्र दाब अतिशय कमी झाल्यामुळे आलेले अपयश अहमदमध्ये ०.४ टक्के आणि बेअरवेल्ड्टमध्ये ४.५ टक्के होते. मोठ्या खड्ड्याने दाब अधिक उतरतो आणि त्याची किंमत म्हणून कधी कधी फारच उतरतो. माझे १६ आणि ११ हे आकडे या चित्रात इतके चपखल बसतात की मला त्यांचे कौतुक वाटण्यापेक्षा थोडा हिरमोडच झाला. मला वाटले होते माझे काहीतरी विशेष आहे. ४९ आणि ३७ हे आकडे ऐकून घाबरणाऱ्यांना एवढेच सांगतो की या चाचण्यांत दाब ठरलेल्या मर्यादेत न राहणे, दुसरी शस्त्रक्रिया लागणे, हे सर्व अपयशातच धरले होते. अपयश म्हणजे डोळा गेला असे नव्हे. आडी ही बेअरवेल्ड्टच्या धर्तीची असली तरी ती स्वतः त्या चाचण्यांत नव्हती, हेही ध्यानात ठेवावे.

किमतीत तर तुलनाच नाही. माझ्या दोन बिलांत डाव्या डोळ्याच्या यंत्राचा आकडा उजव्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास होता, आणि वस्तूच्या घडणीत मला डाव्या-उजव्याचा काही फरक जाणवलेला नाही. ‘स्वस्त आहे म्हणजे हलके असेल’ हा आपल्याकडचा जो ठाम समज आहे त्याला इथे आधार नाही. मात्र बिलाची माझी एक तक्रार आहे, आणि ती यंत्राविषयी नसून उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया जिथे झाली त्या ठिकाणाविषयी आहे. मला जो अंदाजी खर्च लिहून दिला होता त्यात ‘व्हॉल्व्हसहित’ असे शब्द होते; दवाखान्यातून घरी सोडले त्या दिवशी ठिगळाचे पैसे वेगळे लावले गेले आणि विचारल्यावर ‘ते तर लागतेच’ असे उत्तर मिळाले. लागतेच, तर मग आधी लिहायला काय हरकत होती? पैशापेक्षाही मला लागली ती दुसरी गोष्ट. प्रत्येक यंत्राच्या डबीत मॉडेल आणि क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती एक फाइलमध्ये आणि एक रुग्णाच्या कागदावर लावायची असते. माझ्या कागदावर ती नव्हती. दोन वर्षांनी कंबरेचा एम.आर.आय. काढायला गेलो तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने विचारले, ‘‘आँख में क्या डला है, मेटल है क्या?’’ दोन्ही यंत्रांत धातू मुळीच नाही, हे मला पाठ होते. पण त्या मुलाला कागद हवा होता आणि त्याचे चुकलेही नव्हते. डाव्या डोळ्याची चिकटपट्टी तेव्हा कागदावर होती म्हणून त्याने तिला लगेच होकार दिला, आणि उजव्या डोळ्यासाठी अर्धा दिवस फोनाफोनी करून डिस्चार्जचा नवा कागद मागवावा लागला. शस्त्रक्रियेला जाणाऱ्याने घरच्या कोणाला तरी एवढे एक काम सोपवून ठेवावे. चिकटपट्टी हातात पडल्याशिवाय गाडी काढायची नाही.

या यंत्रांसह जगणे कसे असते, हे पुष्कळ जण विचारतात. आत काही आहे असे जाणवत नाही. आरशासमोर पापणी वर ओढून खाली पाहिले की पांढऱ्या भागावर ठिगळाचा फुगवटा दिसतो. नातवाला तो दाखवला तर तो पळून जातो. उजवी पापणी केसभर उतरली आहे, पण ते सौ.शिवाय कोणाच्या लक्षात आलेले नाही. आडीच्या मोठ्या पट्टीने एक गंमत केली. तिचे पंख स्नायूंखाली असल्यामुळे पहिले चार-पाच महिने डावीकडे वर पाहिले की एकाचे दोन दिसत. राजवाड्यासमोर उभा राहून सातव्या मजल्याकडे मान वर केली की वाड्यावर दुसरा वाडा चढलेला दिसे. ते पुढे आपोआप कमी झाले. सर्वांचे होतेच असे नाही, आणि ज्यांना गाडी चालवायची असते त्यांनी हे आधी विचारून घ्यावे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मात्र मी दोन्ही वेळा पहिल्या वर्षी वरच्या गॅलरीतून, चष्मा लावून, काचेआडून पाहिली, कारण टँकरमधून उडणारे ते रंगीत पाणी आणि ताजी नळी यांची गाठ पडू नये असे बाईंनी निक्षून सांगितले होते. डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडे वाढली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचे, ही सूचना आमच्या फ्रिजच्या दारावर सूनबाईंनी चिकटवून ठेवली आहे.

आजकाल द्रव एरवी जिथून निचरतो त्या डोळ्याच्या आतल्या जाळीतच बसवायचे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे टायटेनियमचे आयस्टेंट, किंवा ६ मिलिमीटरची झेन नावाची मऊ नळी, यांची जाहिरात बरीच दिसते आणि फोन करणारे तेही विचारतात. माझ्यासारख्या, ट्रॅबेक्युलेक्टमी बुजलेल्या आणि नस बरीच गेलेल्या डोळ्यासाठी मूळ आयस्टेंट ही वस्तूच नव्हे. तो सौम्य ते मध्यम काचबिंदूत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर बसवण्यासाठी निघालेला आहे. झेनविषयी मला अनुभवाचा आधार नाही, म्हणून बोलत नाही.

कोणी मला दोहोंतून एक निवडायला लावले तर माझे मत आडीच्या बाजूने पडेल, आणि तेही फक्त ज्याच्याकडे सहा आठवडे थांबण्याएवढी सवड आहे, जो सांगितलेल्या तारखांना हजर राहील आणि ज्याच्या भाच्याचे लग्न त्या दिवसांत नाही अशा माणसासाठी. दाब ४० च्या घरात असेल तर अहमद घ्यावा आणि दुसऱ्या महिन्यात आकडा चढला म्हणून कंपनीच्या नावाने बोटे मोडू नयेत. ज्याला दर महिन्याला तपासणीला येणे जमत नाही, गाव लांब आहे, सोबतीला कोणी नाही, त्याच्या बाबतीत माझे मत डळमळते. अहमदचा दाब थोडा वर राहतो, पण तो अचानक कोसळून घात करण्याची शक्यता कमी असते, आणि खरगोन-बडवानीकडून बसने येणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याला कदाचित तेच अधिक मानवेल.

सध्या माझी काळजी दाबाची नाहीच. उजव्या नळीचे टोक बुबुळाच्या आतल्या बाजूच्या फार जवळ आहे, आणि नळी अशी जवळ असली की तिथल्या पेशी वर्षानुवर्षे कमी होत जातात. त्या पुरेशा नसल्या तर बुबुळ गढूळ होते. शस्त्रक्रियेपूर्वी चौरस मिलिमीटरला १९०० पेशी होत्या, गेल्या महिन्यात १४८० मोजल्या. बाई म्हणतात, अजून घाई नाही, पण हा उतार असाच राहिला तर नळीचे टोक तिथून काढून बाहुलीच्या पडद्यामागे वळवावे लागेल. पाइप वळवायचे काम आहे, मला त्याची भीती वाटू नये. तरीही पुढची मोजणी दिवाळीनंतर ठेवा, असे मीच सांगून आलो आहे.